पद्मिनीची पीयूसी निघत नाही : मिक्श्चर स्क्रूला हात लावण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातली १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, सोलेक्स कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग), पॉइंटवरचं इग्निशन (पॉइंटच्या उघडझापीने ठिणगी पाडणारं). पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ५.६ टक्के आणि एचसी (हायड्रोकार्बन) १,८५० पीपीएम आले. मेकॅनिकने पेट्रोल-हवेचं मिश्रण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू आवळला आणि गाडी बंद पडू नये म्हणून स्लो, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरण्याचा वेग, वाढवला. दुसऱ्या खेपेला सीओ ४.९, एचसी २,३००. आता एक जण म्हणतो नवा कार्बोरेटर टाका, दुसरा म्हणतो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवून घ्या. गाडी वडिलांची आहे, विकायची नाही. काय करावं?

दोन्ही सल्ले तूर्त बाजूला ठेवा. या गाडीला लागू असलेली मर्यादा मुळात कडक नाही. भारत स्टेज (बीएस) नियमांच्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना सीओ ३.० टक्के आणि एचसी १,५०० पीपीएमपर्यंत मुभा आहे. त्यानंतरच्या गाड्यांना ०.५ आणि ७५०, बीएस-४ पासून ०.३ आणि २००. ठणठणीत पद्मिनी आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर न दाबता, दीड ते अडीच टक्के सीओ आणि तीन-चारशे एचसी सहज देते. तुमची गाडी त्याच्या कितीतरी पुढे गेली आहे, म्हणजे कुठेतरी खरा बिघाड आहे. तो शोधला की आकडे आपोआप खाली येतात. नुसता आकडा दाबायला गेलं की काय होतं, ते तुमच्या दुसऱ्या रिपोर्टात दिसतंच आहे.

आधी हे दोन आकडे वाचायला शिका. सीओ म्हणजे हवा कमी पडल्यामुळे अर्धवट जळलेलं पेट्रोल. सीओ वाढला की मिश्रण श्रीमंत (पेट्रोल जास्त, हवा कमी) आहे, दुसरा अर्थ नाही. एचसी म्हणजे अजिबात न जळता सायलेन्सरमधून बाहेर पडलेलं पेट्रोल. त्याची कारणं अनेक : ठिणगी चुकते, व्हॉल्व्ह नीट बसत नाही, मिश्रण इतकं गरीब आहे की पेटतच नाही, किंवा इतकं श्रीमंत की प्लग काजळतो. चारातला एक सिलिंडर पूर्ण मिस झाला, म्हणजे त्यात मिश्रण पेटलंच नाही, तर एचसी कित्येक हजारांत जातो. १,८५० म्हणजे अधूनमधून मिस होणारा सिलिंडर. सीओ जास्त आणि एचसी साधारण असेल तर फक्त कार्बोरेटर. सीओ कमी आणि एचसी जास्त असेल तर हवा खेचतंय किंवा इग्निशन. दोन्ही जास्त, तेही तुमच्याइतके, तर पेट्रोल जास्त येतंयच आणि वर मिसिंगही आहे.

आता स्क्रूचं काय झालं ते पाहा. सोलेक्सच्या तळाशी असलेला मिक्श्चर स्क्रू फक्त आयडल सर्किटमधून येणारं मिश्रण अडवतो. तो आवळला तेव्हा गाडी बंद पडू लागली, म्हणून थ्रॉटलचा स्लो स्क्रू वाढवला गेला. थ्रॉटलचं (ॲक्सिलरेटरने उघडणारं) पान उघडलं की त्याच्या कडेला असलेली बायपासची बारीक भोकं उघडी पडतात आणि पेट्रोल तिथून यायला लागतं. मिक्श्चर स्क्रूच्या हातात मग काही राहत नाही. सीओ जेमतेम अर्धा-पाऊण टक्का उतरला, सिलिंडरांना मिश्रण असमान पोचायला लागलं आणि एचसी चढला. काम सुरू करण्याआधी दोन्ही स्क्रू मूळ जागी आणा. मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्या, टेकला की थांबा आणि दीड फेरा बाहेर काढा. जोर लावून आवळला तर त्याच्या टोकावर गोल वळ उमटतो आणि तो स्क्रू पुन्हा कधीच नीट सेट होत नाही. काढून बोटाच्या नखाने टोक चाचपा. वळ लागला तर नवा घ्या.

आणखी एक गोष्ट तुमच्या आकड्यांत दडलेली आहे. आज पंपावर मिळणारं पेट्रोल ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं, आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. साध्या पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे जुन्याच जेटांवर (कार्बोरेटरमधली पेट्रोल मापून सोडणारी बारीक भोकं) ई-२० घातलं की मिश्रण आपोआप सात-आठ टक्के गरीब होतं, सीओ कमी यायला हवा. असं असूनही ५.६ आला, याचा अर्थ जेट थोडा मोठा आहे किंवा स्क्रू थोडा सैल आहे एवढ्यावर हे भागणार नाही. पेट्रोल अशा वाटेने येतंय जिथे जेटचा ताबाच नाही. हे मनात ठेवून पुढची तपासणी करा.

सुरुवात ऑइलपासून करा. गाडी सपाट जागी, इंजिन थंड. डिपस्टिक काढून वास घ्या, पातळी पाहा. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, पातळी खुणेच्या वर गेली असेल, बोटांत चोळल्यावर पाण्यासारखं पातळ लागत असेल, तर ब्लॉकवर बसवलेल्या एसी पंपाचा (टाकीतून पेट्रोल खेचणारा पंप) डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, फाटून पेट्रोल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. ई-२० आल्यापासून हे जास्त दिसतं, कारण जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. ते फुगतं, मऊ पडतं आणि चिरतं. त्या ऑइलमधून सुटणारी पेट्रोलची वाफ ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर नेणाऱ्या) नळीने एअर फिल्टरमध्ये आणि तिथून परत इंजिनात जाते. मशीनवर असताना ब्रीदरची नळी फिल्टरपासून क्षणभर सुटी करा; सीओ एकदम एक टक्क्याने खाली आला तर चोर सापडला. एसी पंपाला इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा नवा डायफ्राम संच घाला, ऑइल आणि फिल्टर बदला, मगच पुढे जा. असं पातळ ऑइल घेऊन गाडी चालवत राहिलात तर बेअरिंग जातील, आणि तो खर्च पीयूसीच्या कटकटीहून फार मोठा आहे.

मग टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतली फट) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). टॅपेट थंड इंजिनावरच सेट करायचे, रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी. इंजिन हाताने फिरवत चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलताना दिसले, म्हणजे एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, की पहिल्या सिलिंडरचे दोन्ही टॅपेट तपासा. तसंच पहिला हलताना चौथा, तिसरा हलताना दुसरा, दुसरा हलताना तिसरा. गॅप मॅन्युअलप्रमाणे, इनलेट आणि एक्झॉस्टचे आकडे वेगळे असतात, दोन्हींना एकच फीलर लावू नका. आवाज नको म्हणून टॅपेट घट्ट ठेवायची सवय अनेक गॅरेजांत आहे आणि एचसीच्या दृष्टीने तीच सर्वांत वाईट. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापल्यावर लांबतो, घट्ट टॅपेटमुळे तो सीटवर पूर्ण बसत नाही, दाबातलं मिश्रण त्या फटीतून सायलेन्सरमध्ये निघून जातं आणि व्हॉल्व्हची कड जळत जाते. सेट केलेला एक्झॉस्ट टॅपेट दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये पुन्हा पुन्हा घट्ट होत असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये खचतोय. शिशाचं पेट्रोल २००० मध्ये देशभर बंद झालं. त्याआधी शिशाचा थर सीटला झिजेपासून सांभाळत असे. अशा हेडला कडक सीट रिंग बसवणं हाच इलाज.

कॉम्प्रेशन गरम इंजिनावर, चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून मोजा. आकडा किती आहे यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचं. तो दहा टक्क्यांच्या आत हवा. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा उसळला तर रिंग, तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर दोन्ही खाली असतील तर हेड गॅस्केट. इथे काही निघालं तर कार्बोरेटरवर एक रुपयाही घालू नका. आधी हेडचं काम.

इग्निशन हा एचसीचा दुसरा मालक. प्लग काढून रांगेने कपड्यावर ठेवा, सिलिंडरचा क्रम मोडू नका. कोरडी मखमली काजळी म्हणजे श्रीमंत मिश्रण, चकचकीत ओला काळेपणा म्हणजे ऑइल, पांढरं फटक म्हणजे गरीब मिश्रण. एक लक्षात असू द्या : जुन्या पुस्तकातला बिस्किटी तपकिरी रंग शिशाच्या पेट्रोलच्या काळातला. आजच्या पेट्रोलवर चांगला प्लगही फिका दिसतो, म्हणून रंग टोकावर न पाहता पोर्सेलीनच्या मुळाशी, आतल्या बाजूला पाहा. तिथे बारीक तपकिरी कडं असेल तर ठीक. चारांपैकी एकच काळा आणि तीन स्वच्छ असतील तर कार्बोरेटर निर्दोष, त्या एका सिलिंडरची वायर, प्लग किंवा कॉम्प्रेशन बघा. चारही काळे असतील, जे तुमच्याकडे बहुधा दिसेल, तर पेट्रोल जास्त.

प्लग नवे घ्या, मॅन्युअलमधल्याच हीट रेंजचे, गॅप ०.६ मिमी. काजळलेला प्लग ब्रशने घासून परत घालू नका. पोर्सेलीनवर राहिलेल्या कार्बनमधून ठिणगीचा करंट झिरपतो आणि नेमकं आयडलिंगला मिसिंग होतं. पॉइंटची तोंडं पाहा. एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ असेल तर कंडेन्सर बदला, नाहीतर नवे पॉइंटही महिनाभरात तसेच होतील. पॉइंटचा गॅप साधारण ०.४ मिमी, पण तुमच्या गाडीवर कोणत्या बनावटीचा डिस्ट्रिब्युटर आहे त्याचा आकडा पाहून ठेवा. डिस्ट्रिब्युटर कॅपच्या आत बोट फिरवा. केसासारखी काळी रेघ दोन टोकांमध्ये दिसली तर कॅप तडकली आहे. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा. वायरींवर निळसर चमक नाचताना दिसली की त्या वायरी गेल्या.

टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, नेहमी पॉइंटनंतर. पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंगही सरकतं, उलट क्रमाने केलेलं काम वाया जातं. टायमिंग लाइट लावून मॅन्युअलच्या आकड्यावर आणा. पिकअप बरा वाटतो म्हणून डिस्ट्रिब्युटर पुढे फिरवून ठेवलेला असतो; त्याने आयडलिंगला एचसी वाढतो, कारण एक्झॉस्ट थंड होतो आणि उरलंसुरलं पेट्रोल नळीत जळत नाही. आकड्यापेक्षा दोन-तीन अंश मागे घेतलं तर एचसी शे-दोनशेने उतरतो, पण घाटात गाडी तापते. केलंच तर चाचणीनंतर लगेच परत जागेवर आणा. खरं तर बाकीचं काम नीट झालं असेल तर याची गरजच पडत नाही.

आता हवेची गळती. कार्बोरेटरच्या पायाखालचं पॅकिंग, मॅनिफोल्डचं पॅकिंग आणि थ्रॉटलच्या दांड्याची भोकं, ही तीन ठिकाणं. इंजिन आयडलिंगला ठेवून स्प्रेच्या बाटलीतून साबणाचं पाणी एकेका सांध्यावर मारा. आवाज बदलला की जागा सापडली. पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारून शोधायची पद्धत आहे, पण गरम मॅनिफोल्डवर ती आगीला आमंत्रण आहे. थ्रॉटलचा दांडा बोटांत धरून वर-खाली हलवून बघा. चाळीस वर्षांत ही भोकं अंडाकृती झालेली असतात. हवा तिथून खेचली जाते, आयडलिंग अस्थिर होतं आणि मेकॅनिक ते सावरायला मिश्रण श्रीमंत करत जातो. चांगला लेथवाला भोक रीम करून पितळी बुश बसवून देतो. नवा कार्बोरेटर घेण्याऐवजी हे करा. बाजारात मिळणाऱ्या नकली कार्बोरेटरांपेक्षा बुश घातलेला जुना सोलेक्स कधीही चांगला.

व्हॅक्यूम गेज मिळालं तर मॅनिफोल्डला लावा. मुंबईत तब्येतीचं इंजिन आयडलिंगला पाऱ्याचे १८ ते २० इंच स्थिर दाखवतं. पुण्याची उंची साधारण ५६० मीटर, तिथे जवळपास दोन इंच कमी दिसतील, तो दोष नव्हे. काटा ठरावीक लयीत टिचकी मारल्यासारखा खाली येत असेल तर एक व्हॉल्व्ह बसत नाही.

आणि आता कार्बोरेटर. काढण्याआधी एक पाहणी वरूनच करा, कारण तुमच्या ५.६ चं उत्तर बहुधा इथेच मिळेल. एअर फिल्टर काढा. इंजिन गरम, आयडलिंगला चालू. टॉर्च धरून घशात बघा. मधल्या नळीच्या तोंडाशी, जिथून मेन जेटचं पेट्रोल गाडी पळवताना फवारतं, तिथे आयडलिंगला पूर्ण कोरडं असायला हवं. तिथे थेंब फुगतोय, सुटतोय, पुन्हा फुगतोय असं दिसलं तर फ्लोट चेंबरमध्ये (कार्बोरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी) पेट्रोलची पातळी जास्त आहे आणि मेन सर्किट नको तेव्हा गळतंय. मिक्श्चर स्क्रू कितीही फिरवा, हा थेंब त्याचं ऐकणार नाही. ही पाहणी करताना फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा आणि जवळपास कुणाला बिडी-सिगारेट ओढू देऊ नका.

पातळी वाढायची चार कारणं. तरंगत्या फ्लोटने मिटणाऱ्या निडल व्हॉल्व्हमध्ये कचरा किंवा त्याचं टोक झिजलेलं. फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलेलं. कानाशी धरून हलवा, आत खळखळ ऐकू येते, किंवा गरम पाण्यात बुडवा, जिथून बुडबुडे येतील तिथे भोक. पितळी फ्लोट झाळता येतो, पण आतलं पेट्रोल पूर्ण उडून जाईपर्यंत झाळायला घेऊ नका, वाफेचा स्फोट होतो. तिसरं कारण एसी पंपाचा दाब जास्त. पंपाखालचं जाड पॅकिंग बदलून कुणी पातळ घातलेलं असतं, त्याने पंपाचा दट्ट्या जास्त खेचला जातो. चौथं आणि अगदी साधं कारण म्हणजे निडल व्हॉल्व्हखालचा वायसर. तो जाड केला की व्हॉल्व्ह खाली येतो, फ्लोट लवकर मिटवतो, पातळी उतरते. सर्व्हिसमध्ये हा वायसर हरवतो, हाताला लागेल तो पातळ वायसर बसवला जातो आणि गाडी त्या दिवसापासून पेट्रोल प्यायला लागते.

नळीचं तोंड कोरडं निघालं तर चोककडे वळा. अनेक सोलेक्समध्ये चोक म्हणजे घशातलं पान नसतं. बाजूला एक छोटं झाकण असतं, त्याच्या आत वायरने फिरणारी पितळी चकती, आणि चकतीला भोकं. चोक खेचला की भोकं जुळतात आणि स्टार्टर जेटमधून वेगळंच पेट्रोल येतं. वायर आखडली असेल किंवा तिचा स्क्रू ताणून बसवला असेल तर दांडी आत ढकललेली दिसते, पण चकती दोन-तीन मिलिमीटर उघडीच राहते. कार्बोरेटरजवळचा लिव्हर हाताने मागे ढकलून बघा. तो आणखी सरकला आणि इंजिनाचा आवाज बदलला तर बिघाड हाच. वायर सैल करा, लिव्हर पूर्ण मिटलेला असताना बांधा, थोडी ढील ठेवा. चकतीच्या तोंडावर ओरखडे असतील तर सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून आठाच्या आकड्यात घासा, तोंड एकसारखं चमकेपर्यंत.

कार्बोरेटर उघडलाच आहे तर पूर्ण स्वच्छ करा. प्रत्येक जेट काढून त्याच्यावरचा नंबर लिहून घ्या. सोलेक्सचा नंबर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, १२० म्हणजे १.२० मिमी. जेट रीम करून मोठे करण्याची खोड जुनी आहे आणि नंबर मात्र तोच राहतो. १.३ मिमीच्या ड्रिल बिटची गुळगुळीत मागची बाजू १२० च्या जेटमध्ये शिरली तर तो जेट मोठा केलेला आहे. जेटमध्ये तार घालू नका, कार्ब क्लीनर आणि कंप्रेसरची हवा पुरे. एअर जेट आणि आयडलच्या हवेच्या वाटा विसरू नका. त्या बुजल्या तरी मिश्रण श्रीमंतच होतं. ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम, सगळी पॅकिंगं आणि पेट्रोलची नळी ई-२० ला चालणारी घ्या. टाकीपासून येणाऱ्या वाटेवर नवा फिल्टर घाला. इथेनॉल जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकटा सोडवून पुढे पाठवतं, त्यामुळे पहिल्या महिन्यात तो फिल्टर दोनदा बदलावा लागला तर आश्चर्य मानू नका.

इथे एक चुकीचा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल : मेन जेट लहान बसवा, पीयूसी निघेल. तुमच्या वर्गाच्या गाडीची चाचणी फक्त आयडलिंगला होते आणि तेव्हा मेन जेट कामातच नसतो. तो लहान केल्याने रिपोर्टात काही बदलणार नाही, मात्र खंबाटकी चढताना इंजिन गरीब मिश्रणावर तापेल, तेही ई-२० ने आधीच गरीब केलेल्या. उलट सगळं दुरुस्त झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर गाडी झटके देत असेल तर मेन जेट एक नंबर मोठा, म्हणजे १२० च्या जागी १२५, घालणं योग्य. त्याने पीयूसी बिघडत नाही.

एअर फिल्टरची परीक्षा मशीनवरच घ्या. फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय सीओत अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक पडला तर फिल्टर तुंबलाय.

आता मिश्रण सेट करा, आता स्क्रूची वेळ आली. इंजिन पूर्ण गरम, चोक बंद, स्लो ८०० आरपीएमच्या आसपास. मिक्श्चर स्क्रू पाव-पाव फेरी फिरवत आरपीएम सर्वांत जास्त कुठे येतो ते शोधा, स्लो परत ८०० वर आणा, पुन्हा शोधा. मग स्क्रू हळूहळू आत घ्या, आरपीएम वीस-तीसने पडला की थांबा. सोलेक्सवर स्क्रू आत म्हणजे गरीब, बाहेर म्हणजे श्रीमंत. बाइकच्या एअर स्क्रूची सवय असलेला मेकॅनिक उलट फिरवतो, त्याला आधीच सांगा. पीयूसीवाला तयार असेल तर शेवटचं सेटिंग त्याच्या मशीनवर करा. प्रत्येक पाव फेरीनंतर अर्धा मिनिट थांबा, आकडा पाइपातून पोचायला वेळ लागतो. लक्ष्य सीओ १.५ ते २.० ठेवा. ०.५ वर आणायचा मोह टाळा; कार्बोरेटरच्या चार सिलिंडरांना मिश्रण कधीच सारखं मिळत नाही, सर्वांत गरीब सिलिंडर मिस व्हायला लागतो आणि एचसी उसळतो. सीओ कमी करताना एचसी आधी उतरतो आणि एका ठिकाणाहून चढायला लागतो. त्या वळणाच्या किंचित श्रीमंत बाजूला थांबा.

सायलेन्सर गळका असेल तर आकडे फसवतात. मशीन चार वायूंचं असेल तर सीओ आणि सीओ-टूची बेरीज करा, ती चौदा-पंधराच्या आसपास यायला हवी. समजा सीओ १.८ आणि सीओ-टू ८.५ दिसले, बेरीज १०.३. म्हणजे बाहेरची हवा मिसळली आहे. १.८ ला १५ ने गुणून १०.३ ने भागा, खरा सीओ २.६ च्या वर निघतो. मुद्दाम सायलेन्सरला भोक पाडून पास करून देणारे आहेत. गाडी तीच, धूर तोच आणि तो मागे बसलेल्या मुलांच्या नाकात जाणार. हे करू नका. गाडी न नेता कागद आणून देतो म्हणणाऱ्याकडूनही घेऊ नका.

चाचणीच्या दिवशी गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवून न्या. रांगेत अर्धा तास आयडलिंगला ठेवली की प्लग काजळतात, त्यामुळे रांगेत बंद ठेवा. नंबर आला की न्यूट्रलमध्ये अडीच हजार आरपीएमवर अर्धा मिनिट धरा, मग आयडलिंगला येऊ द्या. दिवे आणि पंखा बंद. नळी सायलेन्सरमध्ये किमान ३० सेंटिमीटर आत गेली पाहिजे. त्याआधी मशीनचा एचसीचा आकडा मोकळ्या हवेत पाहा. आधीच्या धूर ओकणाऱ्या रिक्षेनंतर पाइपात राहिलेल्या अवशेषांमुळे तो हवेतच दोन-तीनशे दाखवतो. विसाच्या खाली येईपर्यंत थांबायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

सर्टिफिकेट हातात आलं की मोजलेल्या आकड्याशेजारी छापलेली मर्यादा वाचा. तिथे ३.० आणि १,५०० असायला हवेत. ०.५ आणि ७५० छापले असतील तर गाडी चुकीच्या वर्गात टाकली गेली आहे. आरसीवरची उत्पादनाची तारीख दाखवून दुरुस्त करून घ्या. सर्टिफिकेट सहा महिन्यांचं असतं. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांची वर्षभराची मुदत तुम्हाला लागू नाही. पीयूसी नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड दहा हजारांपर्यंत जातो, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या आदेशाने विम्याचं नूतनीकरणही त्याला जोडलं गेलं होतं, पण ती अट न्यायालयाने २०२४ मध्ये काढून टाकली. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी आहे, पण तुमची १९८६ ची त्यात बसत नाही. बसली असती तरी अशा गाडीला रोजच्या वापराची परवानगी नसते. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा विचार सोडून द्या. तो चालायला मिश्रण १४.७ च्या अगदी जवळ धरून ठेवणारं सेन्सर आणि इंजेक्शन लागतं. पॉइंट आणि कार्बोरेटरच्या गाडीत एक प्लग जरी मिस झाला तरी न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटतं, आतली जाळी वितळते, एक्झॉस्ट तुंबतो. तुमच्या वर्षाच्या गाडीला तो कायद्यानेही लागत नाही. चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो १९९५ पासून सक्तीचा झाला.

मेकॅनिक निवडताना एवढंच विचारा, टॅपेट थंड इंजिनावर करता की गरम, आणि चोकची चकती शेवटची कधी उघडली होती. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरल्या. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली शेवटची टॅक्सी तेव्हा वीस वर्षांची झाली. फियाटवर (पद्मिनीचं जुनं नाव) रोज हात बसलेली माणसं त्याबरोबर कमी झाली, पण भायखळ्यापासून पुण्याच्या जुन्या पेठांपर्यंत अजून सापडतात. त्यांच्याकडे गाडी नेताना दोन्ही जुने रिपोर्ट बरोबर न्या आणि पहिल्या भेटीत त्यांच्याकडून फक्त तीनच कामं करून घ्या : ऑइलचा वास, घशातला थेंब, चोकचा लिव्हर. तुमच्या आकड्यांवरून पाहता पहिलं कारण यातल्याच एकात निघेल. ते दुरुस्त करून प्लग नवे घातलेत की पुन्हा मोजा. सीओ तीनच्या आत आला आणि एचसी तरीही हजाराच्या वर रेंगाळला, तर पुढचं काम टॅपेट आणि कॉम्प्रेशनचं.